आधी हवा, मग बटण : प्रस्तावना

डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा पेटला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो हा दिवा घालवायचा कसा. चाकात हवा किती उरली आहे हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. ही पुस्तिका त्या पहिल्या प्रश्नासाठी लिहिली आहे. गाडीच्या प्रकारानुसार, पायरी-पायरीने, त्याचं उत्तर पुढच्या पानांत मिळेल. मात्र या दिव्याला नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, एवढं आधी समजून घेतलं तर ती पानं अर्ध्या वेळात उरकतील. प्रस्तावनेचा खटाटोप तेवढ्यासाठीच.

सांगायचं मुख्य ते आधीच सांगून टाकतो. रीसेटचं बटण दाबताना चालक गाडीला एक निवेदन देत असतो : ‘चारही चाकांत आत्ता जी हवा आहे ती बरोबर आहे, यापुढे तिच्याशी ताडून बघ.’ हे निवेदन खरं की खोटं, याची शहानिशा करायची सोय पुष्कळ गाड्यांत नसते. गाडी मुकाट्याने विश्वास ठेवते. हवा न तपासता रीसेट करणं म्हणजे कागद न वाचता खाली सही ठोकणं. त्या क्षणी काही बिघडत नाही, निस्तरावं लागतं ते पुढे. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक कृतीची पहिली पायरी एकच आहे : मीटर लावा, हवा भरा. बटण त्यानंतर.

हा दिवा गाडीत आला कसा, याची कथा मोठी उद्बोधक आहे. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानंतर जवळजवळ शतकभर हवा कमी झाल्याचं कळायचं ते डोळ्यांनी, टायरला लाथ मारून, नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागल्यावर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पोर्शेच्या ९५९ या महागड्या मॉडेलमध्ये टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आली, पण ती श्रीमंतांच्या हौसेची गोष्ट होती. सामान्य माणसाच्या गाडीत हा दिवा यायला एक मोठी दुर्घटनांची मालिका कारण झाली.

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीवर बसवलेले होते. वेगात असताना टायरचा वरचा पट्टा सुटून यायचा, गाडी चालकाच्या हातून निसटायची आणि उलटायची. मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांची जाहीर जुंपली. फोर्ड म्हणे टायर सदोष. फायरस्टोन म्हणे गाडीच अस्थिर, शिवाय फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा दाब फार कमी, तो ३० हवा. या भांडणात जवळपास शंभर वर्षांचा व्यापारी संबंध २००१ साली तुटला. टायरमधले चार पीएसआय हा अमेरिकेच्या संसदेत चर्चेचा विषय झाला, ही एरवी हसण्यावारी नेण्यासारखी बाब. पण त्यामागचं शास्त्र साधं आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या लवण्यातून उष्णता तयार होते. वेग, ओझं आणि उन्हाळा यांची भर पडली की रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांची पकड सुटायला लागते.

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात नव्या गाड्यांना टायरच्या हवेची सूचना देणारी यंत्रणा बसवण्याची तरतूद होती. पण यंत्रणा कुठल्या प्रकारची, यावर पुन्हा वाद पेटला. २००२ च्या पहिल्या नियमाने कंपन्यांना दोन पर्याय दिले. त्यांतला सोपा पर्याय असा होता की चारांपैकी एकाच टायरची हवा ३० टक्क्यांनी उतरली तर ती ओळखता आली, म्हणजे पुरे. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने हा पर्याय रद्द केला. चारही टायर सारखेच बसले तर गप्प राहणारा दिवा कायद्याच्या हेतूत बसत नव्हता. एप्रिल २००५ मध्ये अंतिम नियम आला : एक असो वा चारही, टायरची हवा शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की २० मिनिटांच्या आत दिवा पेटलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची केली आणि मर्यादा २० टक्क्यांवर आणली.

या टक्केवारीकडे वाचकाने जरा थांबून बघावं. तुमच्या गाडीचा शिफारस केलेला दाब ३३ पीएसआय आहे असं समजा. त्यातून २५ टक्के वजा केले तर उरतात पावणेपंचवीस. म्हणजे टायरमध्ये २६ पीएसआय हवा असली, सात पीएसआय कमी असली, तरी अमेरिकी नियमाने बांधलेला दिवा शांत राहू शकतो. दिवा न पेटणं म्हणजे हवा ठीक असणं, हा समज इथेच खोटा ठरतो. हा दिवा धोक्याची शेवटची पायरी सांगतो. पेट्रोलचा खप वाढणं, टायर दोन्ही कडांनी घासणं, ब्रेक लागायला जास्त अंतर लागणं हे त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं.

आता यंत्रणेच्या आत डोकावू. टीपीएमएस, म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, या नावाखाली दोन अगदी वेगळ्या पद्धती एकत्र नांदतात, आणि रीसेटबद्दलचा निम्मा गोंधळ त्यातून होतो.

पहिली थेट पद्धत. यात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्वच्या मुळाशीच, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. अमेरिकेत त्यासाठी ३१५ मेगाहर्ट्झ आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता वापरली जाते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यावरून आपली चाकं कोणती आणि शेजारच्या गाडीची कोणती हे गाडी ओळखते. त्यातली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती बदलता येत नाही; संपली की सेन्सरच बदलावा लागतो. डॅशबोर्डवर चार चाकांचे चार वेगळे आकडे दिसत असतील तर तुमची गाडी या पद्धतीची आहे.

दुसरी अप्रत्यक्ष पद्धत. आपल्याकडे तिला आय-टीपीएमएस असंही म्हणतात. या पद्धतीत चाकात काहीच बसवलेलं नसतं. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांच्याकडून ही पद्धत काम काढून घेते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित आकसतो, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला त्याला थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त पळायला लागलं की गाडी ओळखते. या पद्धतीची अडचण उघड आहे : चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर फरक पडत नाही, आणि फरक नाही म्हणजे तक्रार नाही. अमेरिकेतल्या न्यायालयात गाजलेला मुद्दा तो हाच. नव्या यंत्रणा फेऱ्यांबरोबर चाकाच्या कंपनांचाही अभ्यास करतात, त्यामुळे ही त्रुटी बरीच कमी झाली आहे. तरीही या पद्धतीला पीएसआयमध्ये किती हवा आहे ते माहीत नसतं. तिला माहीत असते फक्त तुम्ही रीसेट केलं त्या वेळची स्थिती. त्या वेळी हवा २४ होती, तर २४ हीच तिच्या लेखी आदर्श हवा.

थेट पद्धत तरी पूर्ण भरवशाची आहे का? २०१० साली अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यांनी तपासलेल्या सेन्सरचे संदेश सुमारे ४० मीटरवरून ऐकता येतात, आणि खोटे संदेश पाठवून चालत्या गाडीतला हवेचा दिवा पेटवताही येतो. आपल्याला त्यातून घाबरून जायचं कारण नाही. पण जे सांगितलं जाईल ते गाडी खरं मानते, सांगणारा चालक असो की सेन्सर, हे यातून पुन्हा दिसतं.

दिवा पेटण्याचं सगळ्यात सामान्य कारण पंक्चर नसतंच, असतं हवामान. बंद टायरमधली हवा थंडीने आकसते. कारच्या नेहमीच्या दाबाला तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांत ३३ पीएसआय हवा भरली आणि डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर आला, तर एकही खिळा न लागता पाचाहून अधिक पीएसआय गळाले. त्यात रबरातून आपोआप झिरपणारी महिन्याकाठचे एक-दोन पीएसआय धरा. निफाडच्या थंडीत द्राक्षबागायतदाराच्या गाडीत सकाळी दिवा पेटतो आणि दहा वाजता ऊन चढल्यावर विझतो, तो याच कारणाने. न्यू जर्सी किंवा टोरांटोतल्या मराठी कुटुंबांना तर पहिल्या कडाक्याच्या थंडीत हा दिवा हमखास भेटतो. दिवा आपोआप विझला म्हणून तक्रार मिटली असं समजू नये. हवा खरोखरच कमी होती. उन्हाने किंवा चालण्याने टायर तापले आणि आकडा तात्पुरता वर आला, इतकंच.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. लांबच्या प्रवासात तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. वाटेत पंपावर थांबून तो आकडा पाहायचा, दचकायचं आणि हवा काढायची, ही चूक सर्रास होते. गाडीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली असावी. म्हणून हवा तपासायची ती सकाळी, घराजवळच्या पंपावर.

आणि कुठला आकडा धरायचा? पंपावरचा मुलगा विचारतो, ‘किती मारू?’ आणि आपण सवयीने सांगतो, ‘पस्तीस-पस्तीस टाक.’ खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो, आणि गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असेल तर आणखी वेगळा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. नायट्रोजन भरला की तपासायला नको, असंही ऐकू येतं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि शुद्ध नायट्रोजनही थंडीत आकसतो. तो भरला तरी मीटरपासून सुटका नाही.

हवा बरोबर भरली की मग रीसेट. पुढच्या प्रकरणांची मांडणी चार परिस्थितींनुसार केली आहे, त्यांची ओळख इथे करून देतो.

पहिली परिस्थिती सर्वात सोपी : थेट पद्धतीची गाडी, दिवा स्थिर पेटलेला. हवा भरून काही मिनिटं गाडी चालवली की सेन्सर नवा आकडा कळवतात आणि दिवा बहुधा आपणहून जातो. इथे बटण शोधत बसायची गरज नाही.

दुसरी परिस्थिती अप्रत्यक्ष पद्धतीची. इथे रीसेट, म्हणजे कॅलिब्रेशन, करावंच लागतं : हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर, चाकं पुढची मागे केल्यावर. बटण कधी स्टिअरिंगच्या खाली असतं, कधी ग्लोव्ह बॉक्समध्ये, आणि हल्ली बहुधा स्क्रीनवरच्या मेन्यूत. ते दाबल्यावर काम संपत नाही, तिथून सुरू होतं. होंडाच्या पुष्कळ गाड्यांना त्यानंतर ताशी सुमारे ५० ते १०० किलोमीटर वेगाने एकूण अर्धा तास चालावं लागतं, तेव्हा त्या नवी स्थिती शिकतात. संध्याकाळच्या पुण्यात हा अर्धा तास जमवायचा तर धीर हवा. काही थेट पद्धतीच्या गाड्यांतही बटण असतं. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत ते दिवा सावकाश तीनदा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. तिथेही नियम तोच : बटण दाबलं त्या वेळचा दाब हाच पुढचा मापदंड.

तिसरी परिस्थिती सेन्सर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर येते. नवा ओळख क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या तो चालता-चालता शिकतात, काहींना गॅरेजमध्ये स्कॅनर लावावा लागतो.

चौथी परिस्थिती लोक हमखास चुकीची ओळखतात. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. याचा अर्थ हवा कमी असा नाही, यंत्रणाच बिघडली असा आहे : सेन्सरची बॅटरी संपली, सेन्सर तुटला, किंवा बर्फाळ प्रदेशात हिवाळी टायर लावताना सेन्सर नसलेली चाकं बसवली. इथे कितीही हवा भरली आणि कितीही वेळा बटण दाबलं तरी उपयोग नाही. गाडीच्या बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडणं हा उपायही या पुस्तिकेत सापडणार नाही. त्याने रेडिओची स्टेशनं तेवढी पुसली जातात.

भारतात या यंत्रणेची सुरुवात वरच्या व्हेरिएंटमधली सोय म्हणून झाली. अमेरिकेसारखी सरसकट सक्ती झाली नाही. तरी जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीने तिला एक वेगळंच वजन आलं. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असं त्या दुरुस्तीने ठरवलं. डिकीतलं पाचवं चाक काढून घेण्याच्या बदल्यात दिलेली हमी म्हणजे हा दिवा. ज्यांच्या गाडीत स्टेपनी नाही, त्यांनी तरी तो निष्काळजीपणे रीसेट करू नये.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर समृद्धी महामार्गाने हा विषय घराघरांत नेला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. कारला ताशी १२० ची मुभा, मध्ये सिग्नल नाही, गाव नाही, चहाला थांबावं असा नाका नाही. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि परिवहन विभागाने टायर तपासण्याच्या मोहिमा सुरू केल्या. लोकांच्या तोंडी दोष काँक्रीटला गेला. पण कमी हवेचा, घासलेला टायर कुठल्याही पृष्ठभागावर तापतो. जुन्या रस्त्यावर त्याला दर अर्ध्या तासाने थंड व्हायला सवड मिळायची, इथे तासन्‌तास ती मिळत नाही. मुंबईहून नागपूरला निघण्याच्या दिवशी सकाळी हवा तपासणं हा म्हणूनच या पुस्तिकेतला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

पंक्चरवाल्यासाठीही पुढे एक छोटं प्रकरण आहे, आणि ते वाहनमालकाने आधी वाचावं. चाकात सेन्सर असेल तर टायर रिममधून काढण्याआधीच ते सांगायचं. व्हॉल्वपाशी पहार घातली तर काही हजारांची वस्तू एका झटक्यात जाते. पंक्चर किटमधला चिकट द्रव सेन्सरचं तोंड बुजवू शकतो, म्हणून तो वापरल्यावर सेन्सर साफ करून घ्यायचा. व्हॉल्ववर शोभेची धातूची टोपणं लावायची नाहीत. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत ती ॲल्युमिनियमच्या दांड्याशी गंजून एकजीव होतात आणि काढताना व्हॉल्वच तुटतो. प्लॅस्टिकचं साधं टोपण उत्तम.

या पुस्तिकेत प्रत्येक मॉडेलचं बटण कुठे आहे याची यादी मुद्दामच दिलेली नाही. मेन्यू दरवर्षी बदलतात आणि अशी यादी छापून होईपर्यंत शिळी होते. त्यासाठी गाडीबरोबर आलेलं मॅन्युअलच खरं. इथे आहे ती पद्धत : आपली गाडी कुठल्या प्रकारची ते ओळखणं, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो ते पाहणं, स्टिकरवरचा आकडा शोधणं, थंड टायरमध्ये तेवढी हवा भरणं आणि मग गाडीला तसं कळवणं. रीसेटनंतर एक-दोन दिवसांत दिवा पुन्हा पेटला तर त्याच्याशी वाद न घालता चाक पाण्यात बुडवून पाहणं.

वाचायला बसण्याआधी एकच खरेदी करावी : हवा मोजायचा चांगला मीटर. पंपावरचे मीटर दिवसभर आपटले जातात, त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी, चारही चाकं आणि असेल तर स्टेपनी त्या मीटरने तपासावी. हे करणाऱ्याला रीसेटचं प्रकरण क्वचितच उघडावं लागेल, आणि उघडलं तरी बटण दाबताना आपण गाडीला जे सांगतो आहोत ते खरं आहे, याची त्याला खात्री असेल.